पाण्याची शपथ

"उज्जाशप्पथ सांगते, थेंब गळायचा नाही!"

कबशा बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. समोरचं वाळवंटातलं गिऱ्हाईक मात्र खूश झालं. उज्जादेवीची शपथ ऐकल्याशिवाय मक्केच्या बाजारात कोणी खजुराची बीसुद्धा विकत घेत नसे, मग पाण्याची पखाल तर लांबच राहिली. त्यानं लोकरीचा गठ्ठा तिच्या पुढ्यात टाकला, पखाल खांद्यावर मारली आणि तो उंटाकडे निघून गेला.

शेजारी खजुराची टोपली घेऊन बसलेली उम्म हुबैश खोकली. खोकला कसला, हसू होतं ते.

"आज पुन्हा?" ती म्हणाली.

"गप बस गं. जन्मभराचं वळण आहे तोंडाला. हात शिवतो आणि तोंड शपथ घेतं, मला विचारतंय कोण?"

"मग म्हण आता. उशीर करू नकोस."

कबशानं ओढणी तोंडावर ओढली, इकडे-तिकडे पाहिलं आणि पुटपुटली की देव एकच आहे, दुसरा कोणी नाही. चुकून जुनी शपथ तोंडातून निघालीच तर लगेच असं म्हणायचं, मन साफ होतं, असं तिला नव्या शिकवणीत सांगितलेलं होतं. कबशाचं मन त्या हिवाळ्यात दिवसातून बऱ्याच वेळा साफ होत असे.

"त्या उज्जाला तरी बिचारीला किती राबवली मी," ती आरी कातड्यात खुपसत म्हणाली. "एकेका पखालीला साक्षीला उभी करायची. ती असती ना, तर कंटाळून कधीच पळून गेली असती."

उम्म हुबैश इतकी हसली की टोपलीवरच्या माशा उडाल्या.

कबशा बनू रिमाह घराण्याची मोकळी केलेली दासी. वय पन्नाशीच्या पुढे, नक्की किती ते तिलाही ठाऊक नव्हतं. बाभळीच्या शेंगांत कमावलेलं बकऱ्याचं कातडं घ्यायचं, वादीनं दुहेरी शिवण घालायची, आतून खजुराचा पाक चोळायचा, पाणी भरून टांगायचं आणि बघत बसायचं, एवढंच तिचं आयुष्य. तिच्या मालकानं मरण्यापूर्वी तिला मोकळी केली होती. पण मक्केत मोकळं होणं म्हणजे काही फार मोठी चैन नव्हती. ज्याच्यामागे घराणं नाही त्याला रस्त्यात कोणी मारलं तरी विचारणारं कोणी नसे. म्हणून मोकळा झालेला माणूस जुन्या मालकाच्याच आसऱ्याला राही. मालक गेल्यावर कबशा त्याच्या मुलाच्या, मिहजनच्या आसऱ्याला होती. त्याच्या अंगणाच्या कोपऱ्यातली खोपी हे तिचं घर.

आणि मिहजन तिचं दूध प्यालेला होता. तिची स्वतःची मुलगी दोन-चार महिन्यांची होऊन तापानं गेली. त्याच आठवड्यात मालकिणीला मुलगा झाला आणि तिला दूध येईना. कबशाला येत होतं, थांबायचं नाव घेत नव्हतं. मुलीसाठी रडायला तिला सवड मिळाली नाही, कारण मांडीवर दुसरं पोर होतं आणि ते भुकेलेलं होतं. तो मोठा होऊन घरधनी झाला तरी तिला 'दूधआई' म्हणायचा, चारचौघांतसुद्धा. कबशाला कोणी सुख म्हणजे काय असं विचारलं असतं तर तिनं ही हाक सांगितली असती.

त्या हिवाळ्यात उम्म हुबैश तिला सफाच्या टेकडीखालच्या एका घरी घेऊन गेली होती. हातात पखाल होती, म्हणजे कोणी हटकलं तर गिऱ्हाइकाकडे चाललोय म्हणून सांगता येईल. आत बायका बसलेल्या होत्या. कबशा सवयीनं उंबऱ्याशी, जिथे चपला होत्या तिथे टेकली. तेव्हा एका मोठ्या घराण्यातली बाई, जिच्या बांगड्यांकडे बघूनच कबशानं मान खाली घातली होती, जरा सरकली आणि म्हणाली, "अगं, तिथे का बसलीस? इथे ये."

कबशाला आजवर आत बोलावलं होतं ते उचलायला, पुसायला, पाजायला. नुसतं बसायला कोणी बोलावलं नव्हतं. ती बसली. पलीकडे एक हबशी गुलाम पोरगी बसली होती, तिलाही कोणी उठवलं नाही. मग तिथे एकाच देवाबद्दल जे सांगण्यात आलं त्यातलं अर्धं तिला समजलं. पण एक गोष्ट पक्की समजली. शेवटी, मेल्यानंतर, प्रत्येकाला एकेकटं उभं करून विचारणार, तू काय केलंस. तिथे घराणं यायचं नाही, मालक यायचा नाही.

"म्हणजे मलाही विचारतील?" परतताना तिनं उम्म हुबैशला विचारलं होतं. "कबशा म्हणून?"

"मग काय मिहजनची दासी म्हणून? तुलाच विचारतील."

कबशाला याची भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला. आपल्याला कोणी काही विचारण्याजोगे आपण आहोत, हेच तिला नवं होतं.

तेव्हा एकाच देवाला मानणारी माणसं मक्केत मूठभर होती. त्यात एखाद-दुसरा श्रीमंत, बाकीचे लोहार, तीर घासणारे, मेंढ्या राखणारे, गुलाम, विधवा. पुढे दिवस पालटले आणि या पहिल्या माणसांची नावं आदरानं घ्यायची पद्धत पडली. कोण आधी, कोण नंतर, यावर मुलं-नातवंडं हिरिरीनं भांडू लागली. त्यात कबशाचं नाव कुणी घेत नाही, आणि घ्यायला हवं असं तिलाही कधी वाटलं नसतं. पण पहिल्यांदा चालणाऱ्यांनी पायवाट पाडली म्हणून मागच्यांना रस्ता मिळाला, आणि ती पाडणाऱ्यांत अशी बिननावाची माणसं पुष्कळ होती, हे विसरून चालत नाही.

पखालीसाठी शपथ घ्यायची नाही असं ठरवल्यावर धंद्याची पंचाईत झाली. गिऱ्हाईक विचारी, "शपथ का घेत नाहीस गं? भोक कुठे आहे ते सांग." मग कबशानं एक युक्ती काढली. तीन काठ्यांची घोडी करून तिच्यावर भरलेली पखाल टांगायची आणि बरोबर तिच्याखाली स्वतः बसून काम करायचं.

"गळली तर माझ्याच डोक्यावर गळेल," ती सांगे. "बस की इथे समोर. दुपारपर्यंत बस. माझी ओढणी ओली झाली तर फुकट घेऊन जा."

लोक हसायचे आणि घ्यायचे. बाजारात तिची चेष्टा व्हायची, "पखालीखालची कबशा" असं नाव पडलं. जीभ घसरायची ती गडबडीत, एखादं वाळवंटी गिऱ्हाईक घाई करू लागलं की. पण चेष्टा करणाऱ्यांतल्या काहींचे डोळे तीक्ष्ण होते. शपथ घेत नाही म्हणजे कुठे जाते, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

उन्हाळा आला. उत्तरेला शाम देशाकडे जाणारा काफिला निघायची तयारी सुरू झाली आणि यंदा बनू रिमाहच्या उंटांचा म्होरक्या पहिल्यांदाच मिहजन होता. त्याच्यासाठी कबशानं हिवाळाभर खपून पखाली शिवल्या होत्या. इतक्या मन लावून तिनं कधी काही शिवलं नव्हतं.

सूर्य कलताना मिहजन तिच्या खोपीसमोर येऊन बसला. आला तो सरळ बोलेना. वादीचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळत राहिला. लहानपणापासून काही लपवायचं असलं की तो असाच करायचा.

"सातू खातोस? पाण्यात कालवून देते," कबशा म्हणाली.

"नको. दूधआई, उद्या पाण्याची शपथ आहे."

तिला ठाऊक होतं. काफिला निघायच्या आदल्या दिवशी ज्यानं पखाली शिवल्या त्यानं सगळ्यांसमोर भरलेल्या पखालीवर हात ठेवून उज्जाच्या नावानं शपथ घ्यायची, की या पाण्याला दगा होणार नाही. वाटेत विहिरी दूर-दूर असत. पखाल फुटली तर माणसं मरत. शपथ झाल्याशिवाय कोणी उंटाला हात लावत नसे. दरवर्षी ती शपथ कबशाच घेई, आणि दरवर्षी तिला त्याचा अभिमान वाटे.

"अबू मुर्रा काका म्हणतोय," मिहजन म्हणाला, "की तू घेणार नाहीस. म्हणतोय, तुझी ही दूधआई त्या एका देववाल्यांकडे गेलीय. सगळ्यांसमोर बोलला."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, काहीतरीच काय. म्हातारी आहे, तिला कशाला ओढता यात." त्यानं मान वर केली. "गेलीयेस का तू?"

कबशानं आरी खाली ठेवली. "हो."

तो एकदम उसळून म्हणाला, "अगं पण तुला काय कमी होतं इथे? मी काही कमी केलं?"

"नाही रे बाळा. तू काहीच कमी केलं नाहीस."

"मग मला तोंडघशी पाडायचं ठरवलंयस का? माझा पहिला काफिला आहे. माझ्याच घरातली बाई शपथ घेत नाही म्हटल्यावर माझं कोण ऐकणार? अर्धे उंटवाले रस्त्यातून परत फिरतील." आवाज खाली आला. "एक शब्द आहे, दूधआई. आजपर्यंत हजारदा घेतलास. मनात तुझ्या काय असेल ते असू दे, मी कुठे बघायला येतोय? तोंडानं म्हण आणि मोकळी हो."

"आणि नाही म्हटलं तर?"

मिहजननं वादी बोटावरून सोडली. "तर मला काब्यासमोर उभं राहून सांगावं लागेल की तू माझ्या आसऱ्यातली नाहीस. काकानं तेवढं वदवून घेतलंय माझ्याकडून. पुढे तुला कोणी दगड मारला तर मला विचारता यायचं नाही. ही खोपीसुद्धा..." तो उठला आणि सातू न खाताच गेला.

कबशा तशीच उठून उम्म हुबैशकडे गेली. उम्म हुबैश शेळीचं दूध काढत होती. सगळं ऐकून तिनं भांडं बाजूला ठेवलं.

"म्हणून टाक गं," ती म्हणाली. "आपल्यातल्या ज्यांना तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवले त्यांच्यातल्या एकाच्या तोंडून नको ते निघालंच ना? त्याला कोणी बोल लावला नाही. जिवावर बेतलं आणि मन जागच्या जागी असलं तर चालतं."

"जिवावर कुठे बेतलंय माझ्या? घरावर बेतलंय."

"तुझ्यासारखीचं घर गेलं की जीव कितीसा राहतो, बयो?"

कबशा शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "चुकून निघते ती गोष्ट वेगळी," शेवटी ती म्हणाली. "ती माझी सवय बोलते, मी नाही बोलत. उद्या मी ठरवून बोलणार. मग शेवटी मला विचारलं, कबशा, तू काय केलंस, तर काय सांगू? की खोपी जाऊ नये म्हणून बोलले?"

"आणि मिहजन?"

कबशाचं अडत होतं ते तिथेच. खोपी गेली असती तर जाऊ दे. पण त्यानं लोकांसमोर मान खाली घालायची, आणि तेही आपल्यापायी, हे तिला सोसवेना. रडली ती उम्म हुबैशकडेच, शेळीच्या पाठीवर डोकं टेकून. घरी परतली तेव्हा डोळे कोरडे होते.

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात उंट बसवलेले होते. काठ्यांच्या घोड्यांवर पखाली टम्म भरून टांगल्या होत्या. अबू मुर्रा काठी टेकून पुढे उभा, दाढीला नवी मेंदी, अंगावर अत्तर. माणूस वाईट नव्हता. पोरका पुतण्या वाढवला होता त्यानं. फक्त जगाची घडी मोडलेली त्याला खपत नसे.

"ये कबशा," तो म्हणाला. "ठेव हात."

तिनं मधल्या पखालीवर हात ठेवला. कातडं गार होतं. सगळे उंटवाले गप्प झाले. आणि खरं सांगायचं तर तिच्या जिभेवर ती शपथ आपोआप येऊन उभी राहिली, ओठ उघडले की बाहेर पडेल इतकी तयार. कबशानं ओठ घट्ट मिटले. तो शब्द गिळायला तिला वेळ लागला. लोकांना वाटलं, म्हातारी विसरली.

"ही मी शिवलीय," ती म्हणाली. "सगळ्या मीच शिवल्यात. माझ्या हातात होतं तेवढं सगळं केलंय. शपथ मात्र नाही घ्यायची मला."

पटांगणात एकच गलका झाला. कोणी शिव्या दिल्या, कोणी हसलं. "काय मिहजन, तुझी दूधआई बाटली की रे!" असं मागून कोणीतरी ओरडलं. अबू मुर्रानं काठीनं जमीन ठोकली.

"उतरवा... नको, टांगलेल्या राहू देत. सकाळी दुसऱ्या बघू," तो म्हणाला. मग पुतण्याकडे वळला. "चल."

काब्याच्या चौकात माणसं जमली होतीच. मिहजन उभा राहिला आणि त्यानं सांगितलं की बनू रिमाहची मोकळी केलेली कबशा आजपासून त्याच्या आसऱ्यात नाही, तिचं भलंबुरं त्याच्याकडे नाही. आवाज चढवला नाही, अडखळलाही नाही. नुसतं 'कबशा' म्हणाला. तिला वाटलं होतं की आसरा गेल्याचं दुःख होईल. झालं ते त्या कोऱ्या नावाचं. आपल्याला 'कबशा' म्हणूनच कोणीतरी विचारावं असं तिला वाटलं होतं खरं, पण ते त्याच्या तोंडून नको होतं.

खोपीतून तिनं आरी घेतली, कातड्याच्या वाद्यांचा गुंडा, घोंगडी आणि पाण्याचं मडकं घेतलं. उम्म हुबैशच्या शेळीशेजारी जागा होती, तिथे तिनं घोंगडी पसरली. येताना एका पोरट्यानं खडा मारला, तो पायाला लागला. फार लागला नाही. पण मागे वळून पाहणारं आता कोणी नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं.

सकाळी काफिला निघायचा होता. दरवर्षी ती निरोपाला जायची, तशी याही वर्षी गेली. जाऊ नकोस असं उम्म हुबैशनं दहादा सांगितलं आणि शेवटी तीही बरोबर आली. दोघी जणी दूर, कुंपणाच्या भिंतीआड उभ्या राहिल्या.

अबू मुर्रानं दुसऱ्या एकाकडच्या पखाली आणवल्या होत्या. त्या माणसानं पहाटेच रीतसर शपथ घेतली होती. त्या नव्या पखाली उंटांजवळ ढीग करून ठेवलेल्या होत्या. कबशाच्या पखाली रात्रभर जशा होत्या तशाच काठ्यांच्या घोड्यांवर टांगलेल्या होत्या, भरलेल्या.

मिहजन आला. अंगावर यमनी पट्ट्यांची नवी कोरी चादर होती, म्होरक्याची. त्यानं उंट पाहिले, दोर ओढून पाहिले. मग चालत चालत मधल्या घोडीपाशी गेला आणि पखालीखाली मातीत बसला. मांडी घालून, चादरीसकट.

"अरे, कपडे!" कोणीतरी म्हणालं.

"मिहजन, ऊठ," अबू मुर्रा म्हणाला. "ऊन चढायच्या आत पहिला टप्पा गाठायचाय."

"बसतोय जरा."

"कशाला बसतोयस?"

वादीचा एक तुकडा कुठून तरी मिहजनच्या हातात आला होता, तो बोटाला गुंडाळत बसला. हळूहळू उंटवाल्यांच्या लक्षात आलं. मक्केतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पखालीखाली कोण बसायचं ते. कोणी हसलं नाही. उंट रवंथ करत राहिले, उन्हाची तिरीप टेकडीवरून उतरून पटांगणात आली.

भिंतीआड कबशाची नजर फक्त शिवणीवर होती. दुहेरी घातली होती ना? खालच्या कोपऱ्याला पाक नीट चोळला होता ना? पखालीच्या पोटाला घाम आल्यासारखा ओलावा धरला होता, नव्या कातड्याला धरतोच. पण मिहजनच्या खांद्यावर काही पडलं नाही.

बऱ्याच वेळानं तो उठला. डाव्या खांद्यावर हात फिरवला, उजव्या खांद्यावर फिरवला आणि तो हात अबू मुर्रासमोर धरला.

"या लादा," तो उंटवाल्यांना म्हणाला. "त्या राहू द्या."

"शपथेशिवाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी पिणार आहे ना काका यातलं? मी म्होरक्या आहे. लादा."

कोणी परत फिरलं नाही. पखाली चढल्या, उंट उठले, घंटा वाजू लागल्या. भिंतीजवळून जाताना मिहजनला ती दिसली असणार, ओढणी ओळखण्यासारखी होती. त्यानं मान वळवली नाही. काब्यासमोर बोललेलं बोललेलं असतं, आणि तो शब्दाचा पक्का होता. तिनंच वाढवला होता तसा. कबशानंही हाक मारली नाही. ती उभ्या उभ्या हळू आवाजात काहीतरी मागत होती, आणि कुणाकडे मागायचं यात तिची जीभ त्या दिवशी एकदाही चुकली नाही.

धूळ खाली बसल्यावर उम्म हुबैश म्हणाली, "चल आता. कोणी बघायच्या आत."

"आले," कबशा म्हणाली.

ती रिकाम्या घोडीपाशी गेली. मातीत मिहजनच्या बैठकीचा ठसा उमटलेला होता, शेजारी वादीचा तुकडा पडला होता. तिनं तो उचलून ओढणीच्या टोकाला बांधला. मग खाली वाकून मातीवरून तळहात फिरवला, इकडून तिकडे, सगळीकडे.

माती कोरडी होती.